विदर्भाच्या ६२ जागा: विधानसभेत कोणाचे किती, आणि आपले किती?

अडाणकाठ

विधानसभेचा निकाल लागला की आमच्याकडे बाजार समितीच्या आवारापासून एसटी स्टँडपर्यंत एकच हिशेब चालतो, तो म्हणजे कोणत्या पक्षाचे किती आमदार आले याचा. हा हिशेब महत्त्वाचा आहेच. पण त्याच्याही आधीचा एक हिशेब आहे आणि त्याकडे ग्रामीण विदर्भाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. २८८ जणांच्या सभागृहात विदर्भाचे मुळात किती जण बसतात, त्यातले खेड्यापाड्यांतून किती जातात आणि हा आकडा कोण, कशाच्या आधारे ठरवतो, हा तो हिशेब. पक्षांचे बळ पाच वर्षांनी बदलते. जागांची संख्या मात्र एकदा ठरली की दशकानुदशके हलत नाही. मतदारसंघांच्या पुढच्या फेररचनेचे दिवस जवळ येत असल्यामुळे हा धागा काढत आहे.

आधी पक्षबळ पाहू. २०१४ मध्ये भाजपचे १२२, शिवसेनेचे ६३, काँग्रेसचे ४२ आणि राष्ट्रवादीचे ४१ आमदार निवडून आले. २०१९ मध्ये हेच आकडे अनुक्रमे १०५, ५६, ४४ आणि ५४ झाले. २०२४ मध्ये, दोन पक्षांची चार शकले झाल्यानंतर, भाजपचे १३२, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे ५७, अजित पवार यांच्या राष्ट्रवादीचे ४१, उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे २०, काँग्रेसचे १६ आणि शरद पवार यांच्या पक्षाचे १० आमदार आले. उरलेल्या जागा लहान पक्ष आणि अपक्ष यांच्याकडे गेल्या.

या आकड्यांत विदर्भ कुठे आहे ते बघा. २०१४ मध्ये विदर्भाच्या ६२ पैकी ४४ जागा भाजपकडे होत्या आणि २०१९ मध्ये त्या २९ राहिल्या. राज्यभरात भाजपच्या १७ जागा घटल्या, तर एकट्या विदर्भात १५. म्हणजे त्या वर्षी सत्तेचे सगळे चित्र पालटले ते आपल्या भागातल्या मतदाराने. २०२४ मध्ये विदर्भात भाजप पुन्हा ३८ वर गेला. हे मी कोणत्याही पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात सांगत नाही. सांगायचे एवढेच की विदर्भाचा कौल मुंबईत सरकार बसवतो किंवा उठवतो, आणि इतके वजन असूनही आपल्या जागा कमी होत गेल्या.

२००४ ची निवडणूक विदर्भाने ६६ जागांवर लढवली होती. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून मतदारसंघ नव्याने आखले आणि २००९ च्या निवडणुकीला विदर्भाच्या जागा ६२ झाल्या. राज्याची एकूण संख्या २८८ च राहिली, त्यामुळे आपल्या चार जागा वाढत्या शहरांच्या बाजूला गेल्या. त्या वेळच्या एकसंध ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या, यावरून ओघ कुठे होता ते कळते.

पण ‘चार जागा गेल्या’ एवढ्यावर थांबलो तर निम्मेच कळते. जिल्हावार मांडणी केली की दिसते ते असे: भंडारा-गोंदिया मिळून दोन जागा गेल्या, यवतमाळची एक, अमरावतीची एक, अकोला-वाशीम मिळून एक. ही बेरीज पाच होते. नागपूर जिल्ह्याची मात्र एक वाढली, ११ च्या १२ झाल्या, आणि ती वाढ नागपूर शहरात झाली. शहराच्या पाच जागांच्या सहा झाल्या. अर्थात विदर्भाने चार गमावल्या, पण ग्रामीण विदर्भाने पाच गमावल्या.

मी दारव्हा तालुक्यातला. आमच्या घरात जुने मतदार ओळखपत्र अजून जपून ठेवलेले आहे, त्याच्या मागच्या बाजूला मतदारसंघाचे नाव ‘दारव्हा’ छापलेले आहे. आता आम्ही ७९-दिग्रस मतदारसंघात मतदान करतो. दारव्हा, दिग्रस आणि नेर अशा तीन तालुक्यांची गाऱ्हाणी आता एका आमदाराकडे जातात. निवडून आलेला माणूस कितीही कामाचा असला, तरी अधिवेशनातल्या तारांकित प्रश्नांपासून रस्त्याच्या डांबरापर्यंत सगळ्यांत आम्हाला पूर्वीपेक्षा मोठ्या रांगेत उभे राहावे लागते.

आपापल्या तालुक्याचा अनुभव आणि माहिती जाणकारांनी येथे मांडावी, ही विनंती.

झाडीपट्टी

धागा काढल्याबद्दल आभार. आमच्या भागात अड्याळ आणि लाखांदूर हे दोन मतदारसंघ होते, तसाच गोंदियाकडे गोरेगाव. तिन्ही नावे गेली आणि त्या बदल्यात अर्जुनी-मोरगाव हा नवा मतदारसंघ आला. भंडारा जिल्ह्यात आता तुमसर, भंडारा आणि साकोली एवढेच उरले. लाखांदूर तालुक्यात चौरास भागातला धान शेतकरी राहतो. त्याचे प्रश्न पाण्याचे, धान खरेदी केंद्रांचे आणि बोनसचे. साकोली आणि लाखनीच्या जंगलालगतच्या गावांत वन्यप्राण्यांचा त्रास हा पहिला प्रश्न. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण लक्षवेधी सूचना मांडण्याची संधी एका आमदाराला किती वेळा मिळणार?

मतदारसंघाचे नाव गेल्याने पक्षांतही फरक पडतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. ज्या तालुक्याच्या गावाच्या नावाने मतदारसंघ असतो, तिथे प्रत्येक पक्ष आपले कार्यालय आणि कार्यकर्ते उभे करतो. नाव गेले की तिकीट मागणारे दुसऱ्या गावाला जाऊन बसतात. लाखांदूरला हे आम्ही पाहिले आहे.

आकडेमोड

मी मूळचा मंगरूळपीरचा, नोकरीनिमित्त पुण्यात असतो. अडाणकाठ यांनी दिलेल्या आकड्यांशी माझे मतभेद नाहीत, पण निष्कर्षाशी आहेत.

राज्यघटनेचे कलम १७० स्पष्ट सांगते की राज्यातल्या प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या आणि त्याला दिलेल्या जागा यांचे प्रमाण शक्य तितके सारखे असावे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी, म्हणजे एका आमदारामागे सरासरी ३ लाख ९० हजार माणसे. विदर्भाची लोकसंख्या २.३० कोटी, म्हणजे आपल्याकडे एका आमदारामागे सुमारे ३ लाख ७१ हजार. पुणे जिल्ह्यात २१ आमदार आणि ९४ लाख लोक, म्हणजे एका आमदारामागे जवळपास साडेचार लाख. एकसंध ठाण्यात तर त्याहून जास्त. मग वजन कोणाच्या मताला अधिक आहे? आजघडीला वैदर्भीय मतदाराच्या मताला.

आणखी एक गोष्ट आताच सांगून ठेवतो, कारण ती कडू आहे. एकूण जागा २८८ ठेवून २०११ च्या लोकसंख्येवर वाटप केले असते, तर विदर्भाच्या वाट्याला ५९ च्या आसपास जागा आल्या असत्या. पुढचे वाटप तर त्यानंतरच्या जनगणनेवर होणार. मंगरूळपीरहून पुण्याला आलेली माझ्यासारखी हजारो कुटुंबे त्या जनगणनेत पुण्यात मोजली जातील. अन्याय झाला असे म्हणण्याआधी आपली तरुण मुले गाव का सोडतात, याचा विचार व्हायला हवा.

अडाणकाठ

आकडेमोड, आपला प्रतिसाद अतिशय मोलाचा आहे आणि त्यातले गणित मला मान्य आहे. समान मताचे तत्त्व मी नाकारत नाही. पण घटनेने ‘शक्य तितके’ असे शब्द विचारपूर्वक घातलेले आहेत, आणि परिसीमन कायद्यात लोकसंख्येबरोबर भूभागाची नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय यांचाही विचार करावा असे म्हटलेले आहे. हे निकष लोकसंख्येच्या बरोबरीचे नाहीत, हे खरे. तरीही ते कायद्यात आहेत आणि त्यांचा आधार घेऊन बोलणारे आपल्याकडून फारसे कोणी पुढे येत नाही.

शिवाय आमदारामागे निधी चालतो. स्थानिक विकास निधी आमदारामागे वर्षाला पाच कोटी रुपये आहे. ग्रामीण भागातल्या पाच जागा गेल्या, म्हणजे आजच्या दराने वर्षाला पंचवीस कोटी गेले. त्या रकमेतून होणारे सभामंडप, पांदण रस्ते आणि शाळाखोल्या ज्या गावांत झाल्या नाहीत, ती गावे मुलांना बाहेर पाठवतात. लोक गेले म्हणून जागा गेल्या, आणि जागा गेल्या म्हणून आणखी लोक जातात. हे चक्र लोकसंख्येच्या सूत्राने तुटणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

इंद्रावती

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि त्याला आमदार तीन. मुंबई शहर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १५७ चौरस किलोमीटर आणि आमदार दहा. लोकसंख्येच्या दृष्टीने यात काही चुकीचे नाही, हे मलाही कळते. पण आमचा अहेरी मतदारसंघ सिरोंचा, अहेरी, एटापल्ली, भामरागड आणि मुलचेरा या पाच तालुक्यांचा आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्या दिवसांत आमदाराने मनात आणले तरी तो पोहोचू शकत नाही. पूर्वी याच मतदारसंघाचे नाव सिरोंचा होते, ते नावही आता राहिले नाही.

जिल्ह्यातल्या आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी या तिन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. अनुसूचित जमातींच्या जागा जिथे त्यांचे प्रमाण सर्वाधिक असेल तिथे ठेवायच्या, आणि अनुसूचित जातींच्या जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखरून ठेवायच्या, असा नियम आहे. राज्यात अनुसूचित जमातींसाठी २५ आणि अनुसूचित जातींसाठी २९ जागा राखीव आहेत. विदर्भात जमातींच्या सात: आमच्या तीन, आमगाव, मेळघाट, राळेगाव आणि आर्णी. जिल्ह्यातल्या इतर मागासवर्गीय समाजाची तिन्ही जागांबद्दल नाराजी आहे आणि ती आम्ही रोज ऐकतो. पण माडिया आणि गोंड गावांतून माणूस सभागृहात जाण्याची वाट दुसरी कोणती आहे, तेही सांगावे. आमच्या गोटुलात, म्हणजे गावाच्या एकत्र जमण्याच्या जागेत, निवडणुकीच्या काळात पक्षाचे नाव फारसे निघत नाही. चिन्ह कोणते आणि माणूस आपल्या बोलीत बोलतो का, एवढेच विचारले जाते.

जुने दप्तर

निवृत्त इतिहास शिक्षक, अकोला जिल्हा. सभागृहातले पक्षबळ आणि प्रदेशबळ यांतला फरक समजून घ्यायचा असेल, तर आपल्याच जुन्या प्रांताचा दाखला पुरेसा आहे.

१९३५ च्या कायद्यानुसार मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताच्या विधानसभेत ११२ जागा होत्या. वरिष्ठ सभागृह नव्हते. मतदान सर्वांना नव्हते. मालमत्ता, करभरणा किंवा शिक्षण असेल त्यालाच मत होते. सर्वसाधारण जागांपैकी २० अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या आणि मुसलमानांसाठी १४ स्वतंत्र जागा होत्या. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने ७० च्या आसपास जागा जिंकून स्पष्ट बहुमत मिळवले आणि नागपूरचे डॉ. ना. भा. खरे पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत असत.

आता पाहा. एकाच पक्षाचे एवढे बळ असूनही ते मंत्रिमंडळ वर्षभरच टिकले. मराठी भाषक भाग आणि हिंदी भाषक महाकोशल यांच्यात पक्षाच्या आतच ताण होता. जुलै १९३८ मध्ये डॉ. खरे यांनी राजीनामा दिला, रामराव देशमुख आणि गोळे या मराठी मंत्र्यांनीही दिला. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता या महाकोशलच्या मंत्र्यांनी देण्यास नकार दिला. गव्हर्नरने त्यांना बडतर्फ करून खरे यांना नवे मंत्रिमंडळ बनवू दिले, काँग्रेस श्रेष्ठी संतापले, आणि अखेर शुक्ल पंतप्रधान झाले. कागदावर बघाल तर पक्षबळ जसेच्या तसे होते. बदलले ते प्रांताचे सुकाणू कोणत्या प्रदेशाच्या हाती आहे ते. १९४६ मध्ये काँग्रेस ९२ आणि मुस्लिम लीग १३ असे बळ झाले, तरी हा प्रश्न मिटला नव्हता. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेत आपले आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, तेव्हाच तो संपला.

दुसरा दाखला १९७८ चा. जनता पक्ष ९९, काँग्रेस ६९ आणि इंदिरा काँग्रेस ६२ असे सभागृह झाले. इंदिरा काँग्रेसच्या या ६२ मध्ये सर्वांत मोठा वाटा विदर्भाचा होता. त्या बळावरच भंडाऱ्याकडचे नासिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले. प्रदेशाने एकगठ्ठा कौल दिला की पद मिळते, हे तेव्हा दिसले. ते सरकार काही महिन्यांतच पडले, हेही तेव्हाच दिसले.

खडू-फळा

विधान परिषदेचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. परिषदेत ७८ सदस्य असतात: ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून, पदवीधरांचे सात, शिक्षकांचे सात आणि राज्यपालनियुक्त १२. पदवीधर आणि शिक्षक या दोन्ही गटांत नागपूर आणि अमरावती विभागांची प्रत्येकी एक जागा आहे.

ग्रामीण भागाला खरा आवाज मिळायला हवा तो २२ जणांच्या गटातून, कारण त्यांना जिल्हा परिषदेचे आणि नगरपालिकांचे सदस्य मत देतात. पण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेल्याने राज्यातल्या बहुतेक ठिकाणी या संस्थांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सदस्यच नव्हते, तर परिषदेच्या जागेसाठी मतदार कुठून आणणार? त्यामुळे त्या गटातल्या अनेक जागा मुदत संपल्यावर रिकाम्या राहिल्या. राज्यपालनियुक्त १२ जागाही २०२० पासून रिकाम्या होत्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातल्या सात भरल्या गेल्या. सभागृहाच्या पक्षबळाचा तक्ता बघताना ‘रिक्त’ या रकान्याकडे कोणी बघत नाही; मला तो सर्वांत चिंतेचा वाटतो.

वर्धेकाठची

२०२४ मध्ये निवडून आलेल्या २८८ पैकी महिला २१ आहेत. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव ठेवल्या आहेत, म्हणजे २८८ धरले तर ९६. पण ती तरतूद जनगणना आणि त्यानंतरची फेररचना झाल्यावरच लागू होणार, असे त्यातच लिहिले आहे. म्हणून ही फेररचना केवळ विदर्भ विरुद्ध शहरे एवढ्यापुरती नाही. आमच्या ग्रामपंचायतीत महिला सरपंचांनी दारूबंदीपासून नळयोजनेपर्यंतची कामे करून दाखवली आहेत. अशा बाईला विधानसभेचे तिकीट द्यायचे म्हटले की पक्ष आजही जिल्ह्याच्या ठिकाणचे घराणे शोधतात. राखीव जागा कोणत्या असतील हे ठरताना ग्रामीण मतदारसंघ मागे राहू नयेत, एवढे माझे म्हणणे नोंदवून ठेवावे.

काटोल नाका

वेगळे राज्य झाले तर हा सगळा वादच उरणार नाही. कलम १७० प्रमाणे विधानसभेला किमान ६० सदस्य लागतात आणि आपल्याकडे ६२ आहेत. २००० मध्ये छत्तीसगड झाले तेव्हा मध्य प्रदेशाच्या ३२० पैकी ९० आमदार तिकडे गेले आणि कामकाज सुरू झाले.

अडाणकाठ

काटोल नाका, हा विषय मोठा आहे आणि त्यावर स्वतंत्र धागा व्हावा. येथे आपण सध्याच्या सभागृहापुरते बोलू.

विरोधी पक्षनेतेपदाचा मुद्दा राहून गेला होता. प्रथेप्रमाणे त्या पदासाठी एकूण जागांच्या एक दशांश, म्हणजे २९ आमदार लागतात, आणि २०२४ च्या निकालात विरोधातल्या एकाही पक्षाला तेवढे मिळाले नाहीत. आधीच्या विधानसभेत हे पद २०१९ ते २०२२ नागपूर दक्षिण-पश्चिमच्या आमदाराकडे आणि २०२३-२४ मध्ये ब्रह्मपुरीच्या आमदाराकडे होते, म्हणजे दोन्ही वेळा विदर्भाकडे. हिवाळी अधिवेशनात कापूस आणि सोयाबीनच्या भावावर सरकारला धारेवर धरायला हे पद लागते. सत्तेत कोणताही पक्ष असो, हे पद रिकामे राहणे शेतकऱ्याच्या हिताचे नाही.

आता पुढचे काम. जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरलेला आहे. २००२ च्या परिसीमन कायद्यानुसार आयोगाबरोबर प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसले होते, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाला, हरकती मागवल्या गेल्या, जाहीर सुनावण्या झाल्या. पुढचा आयोग याच वाटेने जाईल असे धरून चालले, तर हरकतीचा काळ हाच आपल्या हातातला काळ आहे, कारण अंतिम आदेशाला न्यायालयात आव्हान देणे फार अवघड असते.

मागच्या आदेशात आपल्याकडचे मतदारसंघ तालुका आणि महसूल मंडळ यांच्या भाषेत लिहिलेले होते. म्हणून हरकतही त्याच भाषेत लिहावी लागेल: कोणते मंडळ कोणत्या तालुक्याच्या बाजाराशी, दवाखान्याशी आणि रस्त्याशी जोडलेले आहे, मधे कोणती नदी आहे, एसटी कुठून कुठे जाते. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढे लिहिलेला कागद आयोगापुढे टिकणार नाही. एकूण जागा वाढवण्याची मागणीही करता येईल. घटनेची वरची मर्यादा ५०० आहे आणि उत्तर प्रदेशात ४०३ आमदार आहेत. पण आकडेमोड यांच्या गणिताप्रमाणे त्याने आपला वाटा वाढणार नाही, केवळ मतदारसंघ लहान होतील. इंद्रावती यांच्यासाठी तेही थोडे नाही.

दारव्हा आणि नेर तालुक्यांतल्या मंडळांची अशी माहिती मी गोळा करायला घेतली आहे. झाडीपट्टी यांनी लाखांदूर आणि पवनीची, इंद्रावती यांनी भामरागड आणि एटापल्लीची, तर मंगरूळपीर आणि मानोऱ्याकडच्या कोणी तिकडची माहिती घ्यावी. आकडेमोड, लोकसंख्येचे कोष्टक आपण तपासून दिलेत तर फार बरे होईल.

आकडेमोड

देतो. गावनिहाय लोकसंख्येचे २०११ चे तक्ते माझ्याकडे आहेत. मंगरूळपीर आणि मानोऱ्यापासून सुरुवात करतो. मंडळांची गावे मात्र तहसील कार्यालयातून कोणीतरी पडताळून घ्यावीत, कारण मधल्या काळात काही ठिकाणी नवी मंडळे झाली आहेत.